हिरडा इथला, लेबल परगावचे

जुन्नर शहरात एके काळी कागद होत होता आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा आजही होतो. दंतमंजनाला, केस धुण्याच्या चूर्णाला, दिवाळीच्या उटण्याला लागणारा बराच माल सह्याद्रीच्या या उतारावर मिळतो. तरीही या दोन तालुक्यांचे नाव छापलेली मंजनाची डबी किंवा उटण्याची पुडी महाराष्ट्राच्या बाजारात कधी रुजली नाही. याचे कारण विचारले की एक ठरावीक उत्तर मिळते: खेड्यातल्या माणसाला माल करता येतो, पण तो मांडता येत नाही, छपाई, रंगसंगती, जाहिरात ही शहरी कला आहे. हे उत्तर सोयीचे आहे आणि चुकीचे आहे. लेबलाचा इतिहास जरा खोलात जाऊन पाहिला तर दिसते की कागद, शाई आणि नक्षी ही त्याची स्वस्तातली अंगे आहेत. लेबल म्हणजे अनोळखी गिऱ्हाईकाला लिहून दिलेली हमी. ती देण्यासाठी नाव, पत्ता आणि माल बिघडला तर जाब देण्याची तयारी लागते. जुन्नर-आंबेगावात कागदाची वाण कधीच नव्हती. हमी देण्याची जागा मात्र प्रत्येक काळात दुसऱ्याच कोणाकडे राहिली, आणि तिच्या मागोमाग नफाही गेला.

स्वतःचे नाव, धंदा आणि गाव चारचौघांत लिहून ठेवण्याची रीत या मुलखाला नवी नाही. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याचे नाव कोरलेले आहे. जुन्नरच्याच शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे. शेजारच्या मावळात कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सिंहदत्ताचे नाव येते, आणि त्याचा धंदा दिला आहे गांधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचा. कोणी म्हणेल, हे दानलेख आहेत, मालावरच्या चिठ्ठ्या नव्हेत. पुण्यासाठी नाव कोरणे वेगळे आणि विक्रीसाठी नाव छापणे वेगळे. ते खरेच आहे. पण नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या या व्यापारी वाटेवर कारागीर आणि व्यापारी आपली ओळख कशी सांगत, हे या लेखांतून कळते: कोण, काय करतो, कुठला. आजच्या कायद्यालाही लेबलावर उत्पादकाविषयी मुळात हेच हवे असते. तेव्हा ही समज इथे नव्हती म्हणून लेबल आले नाही, असे म्हणता येत नाही.

कागदाचे तर बोलायलाच नको. जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांना परिचित होता. दौलताबादी, अहमदाबादी यांच्या पंगतीत त्याचे नाव घेतले जाई. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यात पेशवाईत जे मुसलमान कागदी येऊन वसले, त्यांचे मूळ जुन्नर आणि नाशिककडचे सांगितले जाते. जुनी तागाची पोती, दोरखंड भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, कुटायचे, धुवायचे. त्या लगद्याचा साच्यावर ताव उचलायचा. वाळल्यावर खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटलेल्या तावावर बोरूची शाई फुटत नसे. शाईसाठीही लांब जावे लागत नसे, कारण हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकले की काळी शाई होते. हा कागद सनदा, कीर्दी, पोथ्या आणि पंचांगे यांच्यासाठी होता. मालाच्या पुडीवर डकवायला तो महागच पडला असता. पुढे १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणी उभी राहिली, विलायती कागद तर त्याआधीच येत होता, आणि हातकागदाचा धंदा उतरणीला लागला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली ती ही कला जगवण्यासाठीच. गंमत अशी की हातकागदाची खरी मागणी आता लग्नपत्रिका, पिशव्या आणि हाताने केलेल्या साबणाच्या वेष्टनाला आहे. जो कागद एके काळी लेबलाला परवडला नसता, तोच आज लेबलाच्या आधारावर उभा आहे.

हिरड्याची कथा याहून बोलकी आहे. भीमाशंकरच्या डोंगररांगेतले महादेव कोळी उन्हाळ्यात कोवळी फळे गोळा करतात, अंगणात वाळवतात आणि काळा पडलेला बाळहिरडा पोत्यात भरून बाजारात नेतात. घरात थोडा मंजनाला, थोडा पोटाच्या तक्रारीला ठेवला जातो. बाकी सगळा विकायचा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून हिरडा जहाजे भरभरून विलायतेला जाई, मुख्यतः कातडी कमावण्यासाठी आणि रंगाईसाठी. त्या व्यापारात मालाचे वर्ग ठिकाणांच्या नावांनी ओळखले जात: विशाखापट्टणजवळच्या भीमिलीपट्टणचा एक, जबलपूरचा एक, वेंगुर्ल्याचा एक. ही नावे बंदरांची आणि पेठांची होती. गोळा करणाऱ्याच्या गावाचे नाव त्यात यायचे कारणच नव्हते; व्यापारी जिथे माल निवडून, वर्ग पाडून, गोणी शिवून हमी देई, त्या जागेचे नाव मालाला मिळे. घोडेगावचा हिरडा आणि कोकणातल्या डोंगराचा हिरडा यांत गुणाने काय फरक आहे, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हते. निवड कोणी केली आणि चूक निघाली तर भरपाई कोण देईल, एवढाच प्रश्न होता. नाव हमीमागे चालते याचा याहून स्वच्छ पुरावा शोधायला नको.

आता घरगुती वापराच्या मालाकडे वळू. शिकेकाई, नागरमोथा, कचोरा, वाळा, आवळकाठी हे सारे काष्ठौषधीच्या दुकानात कागदाच्या पुडीत बांधून मिळे. पुडीवर काही लिहिलेले नसे, आणि लिहायची गरजही नव्हती. दुकानदार ओळखीचा, त्याचा बाप ओळखीचा. नागरमोथ्यात माती निघाली तर पुढच्या बाजाराला त्याच्याच दुकानासमोर उभे राहून चार शब्द सुनावता येत. इथे एक आक्षेप येतो: मग लेबल ही विश्वास मोडल्याची खूण नाही का? तोंडओळखीचा व्यवहार संपला आणि त्याच्या जागी छापील कागद आला, यात मिळवले काय? या आक्षेपात जुन्या बाजाराविषयी फार भाबडी कल्पना दडलेली आहे. तोंडओळख ज्याच्याशी होती तो दुकानदार होता, रानातून मुळ्या खणून आणणारा नव्हे. शिवाय तो विश्वास जातीच्या, पेठेच्या आणि उधारीच्या चौकटीत चाले. आठवडे बाजारात डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या कातकरी बाईच्या मालावर गिऱ्हाईक विश्वास ठेवी तो भाव पाडून. लेबलाने ज्यांचा विश्वास हिरावला, त्यांना आधी तो मिळालाच नव्हता.

लेबल आपल्याकडे आले ते चित्र होऊन आले. १९०१ च्या जनगणनेत देशातले साक्षर लोक शेकडा पाचांच्या आसपास होते. अक्षर न वाचणाऱ्या गिऱ्हाईकाला माल ओळखायला खूण हवी, म्हणून माकड, घोडा, किल्ली, सूर्य, देवी. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटवलेली येत, आणि गिऱ्हाईक कापडाच्या जातीपेक्षा त्या तिकिटावरच्या चित्राचे नाव सांगून माल मागे. अशी रंगीत छपाई पुणे जिल्ह्यातच होऊ लागली होती. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला शिळाछाप छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला, आणि देवादिकांच्या चित्रांसोबत जाहिराती व मालाची लेबलेही तिथे छापली जाऊ लागली. बाटली हवी असेल तर तीही जवळच होती: पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे सुरू झाला. म्हणजे १९१० च्या सुमारास एका जिल्ह्यात कच्चा माल, काच, कागद आणि छपाई असे चारही जिन्नस होते. उणीव होती ती या चारांना बांधून खाली सही करणाऱ्याची.

यावर छपाईच्या खर्चाचा मुद्दा काढला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. शिळाछापाच्या रंगीत चित्राला रंगागणिक एक दगड लागे. चित्रकाराने प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढायचा, एकावर एक नेमका बसवून छापायचा. हा खटाटोप हजारोंच्या संख्येत छापले तरच परवडे. पाच-पन्नास बाटल्या करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. पण तालुक्याच्या ठिकाणी पायाने चालवायचे ट्रेडल मशीन आले तेव्हा ही अडचण बरीच सुटली. खिळे जुळवायचे, चौकटीला वेल लावायची, जमले तर जस्ताचा एक ब्लॉक करून घ्यायचा आणि पिवळ्या किंवा गुलाबी पतंगी कागदावर एका काळ्या शाईत काही शे लेबले काढायची. लग्नपत्रिका, हँडबिल, पावतीपुस्तक हे सगळे अशाच छापखान्यांत होई. ज्या गावात तमाशाचे आणि कुस्त्यांच्या फडाचे हँडबिल छापून मिळते, त्या गावात मंजनाचे लेबल छापून मिळत नाही असे कोण म्हणेल? नारायणगावसारखे तमाशाचे मोठे केंद्र जुन्नर तालुक्यातच आहे. तिथे हँडबिलांची कमतरता कधीच नव्हती.

स्वदेशीच्या चळवळीने लेबल वाचायची सवय लावली, हा तिचा कमी बोलला जाणारा परिणाम. १८८९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने मालाचे खोटे वर्णन आणि खोटे उगमस्थान दाखवण्यावर बंधन आणले होते. १९०५ नंतर गिऱ्हाईक तेच उगमस्थान स्वतःहून शोधू लागले. साबण विलायती की इथला, चरबीचा की वनस्पती तेलाचा, हे विचारणे देशभक्तीचा भाग झाले. अर्देशीर गोदरेज यांचा वनस्पती तेलाचा साबण याच वातावरणात उभा राहिला. मात्र स्वदेशीने उगमस्थान तपासले ते देशाच्या पातळीवर. हिंदुस्थानात झाले एवढे पुरेसे होते. कोणत्या खोऱ्यात, कोणाच्या हातून, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. मुंबईच्या कारखान्याचा पत्ता छापलेली डबी स्वदेशी ठरली, आणि तिच्यातला हिरडा भीमाशंकरचा आहे की आणखी कुठला, हे कोणाला जाणून घ्यावेसेही वाटले नाही.

घरातल्या मालाला लेबल मिळाले की काय होते, याचे मराठी माणसाला ठाऊक असलेले उदाहरण विकोचे आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला घरच्या घरी दंतमंजन करायला सुरुवात केली, आणि विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या भारदस्त नावाच्या आद्याक्षरांतून विको झाले. हे नाव पाहा: दोन-तीन खोल्यांचा संसार आणि लेबलावर इंडस्ट्रियल केमिकल कंपनी! कोणी याला थाट म्हणेल. मला त्यात धोरण दिसते: अनोळखी गिऱ्हाईकाला जाब देणारी संस्था आधी कागदावर उभी करायची, मग तिच्या मापाने धंदा वाढवायचा. पुढे याच कंपनीचा आणि अबकारी खात्याचा दीर्घ वाद झाला. मंजन, पेस्ट आणि हळदीचे क्रीम सौंदर्यप्रसाधने मानायची की आयुर्वेदिक औषधे, यावर कराचा दर ठरत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल विकोच्या बाजूने लागला. ज्याला लेबल म्हणजे वेष्टनावरची रांगोळी वाटते त्याने हा वाद डोळ्यांखालून घालावा. आत काय आहे, ते कशासाठी आहे, कोणत्या परवान्याखाली केले आहे, या लेबलावरच्या ओळींना किती वजन असते ते त्यातून कळते.

या ओळी कायद्याने हळूहळू वाढवल्या. १९४० चा औषध कायदा १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांनाही लागू झाला. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळे प्रकरण आले. २०११ च्या वैधमापन नियमांनी पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क सक्तीचा केला. २०२० पासून सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम आहेत: उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, घटकांची यादी. आता या यादीकडे जुन्नर-आंबेगावच्या बाजूने पाहा. हिरड्याचे नाव तिथे हरीतकी किंवा टर्मिनेलिया चेब्युला असे येते. तो कोणत्या डोंगरावरचा, हे लिहायला कायदा सांगत नाही. ज्याने दळला आणि भरला त्याचा पत्ता येतो. ज्याने झाडावर चढून उतरवला त्याचा येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने या दोन तालुक्यांतली हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी झाडे आमची आणि उत्पन्न आमचे हे सिद्ध करत आदिवासी शेतकऱ्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. ज्या मालावर आपले नाव कुठेच लागत नाही, त्याचे नुकसानही आपल्या नावावर मांडताना दमछाक होते.

बचत गटांनी गेल्या काही वर्षांत हे चित्र थोडे हलवले आहे. २०११ पासूनच्या उमेद अभियानाने गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ बांधले, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतून माल शहरात नेला. उटणे, साबण, केसांचे तेल यांवर आता चकचकीत स्टिकर असतो. संगणकावर मांडणी करून डिजिटल छपाईवर पन्नास लेबलेही काढता येतात. तेलकट हात लागला तरी कुजणार नाही असा प्लास्टिकचा थर असलेला कागद मिळतो, गोल बाटलीवर सुरकुती न पडता बसेल असा आकार कापून मिळतो. न्हाणीघरातल्या ओलीने शाई उतरणे, तेलाने कागद पारदर्शक होणे, खळीने चिकटवलेले लेबल उंदरांनी खाणे, या जुन्या कटकटी संपल्या. तरी यातल्या बऱ्याच स्टिकरांवर तुळशीचे पान, पदर घेतलेली बाई आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ हे शब्द ठळक असतात, आणि परवाना क्रमांकाची जागा कोरी असते. पत्त्याच्या जागी कधी नुसते तालुक्याचे नाव. आंबेगाव तालुक्याला तर ते मुळीच शोभत नाही: ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेरी घोडेगावला आहे आणि बाजार मंचरला. ‘आंबेगाव, जि. पुणे’ एवढ्या पत्त्यावर गिऱ्हाईकाने तक्रार पाठवायची तरी कोणाला?

सर्वांत जोरदार आक्षेप इथेच आहे. परवाना, वेगळी जागा, जाणकार देखरेख, चाचण्या हे सगळे चार बायकांच्या गटाला परवडत नाही. कायदा मोठ्यांच्या मापाने शिवलेला आहे आणि तो पाळायला लावणे म्हणजे घरगुती धंदा मारणे. मापाची तक्रार खरी आहे. पण तिचा निष्कर्ष उलटा काढला जातो. हळदीत, मेंदीत, काजळात भेसळ होते आणि अंगाला लावायच्या वस्तूने अपाय झाला तर तो लहान मुलाच्या कातडीवर दिसतो. तिथे गरिबाच्या मालाला वेगळा नियम मागणे म्हणजे गरिबाचा माल कमी विश्वासाचा, हे आपणच कबूल करणे. आणि नियमात वाट आहे: दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत आपल्या नावाचा माल तयार करून घेण्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे. एका प्रभागसंघाने एक जागा नीट उभी केली तर अनेक गट तिथे आपापला माल करू शकतील आणि प्रत्येकाच्या लेबलावर खरा क्रमांक येईल. उटण्याच्या पाकिटावर ‘त्वचारोग बरे करते’ असे छापायचा मोह मात्र आवरावा लागेल. त्या तीन शब्दांनी माल प्रसाधनातून औषधात जातो आणि मग परवानाही दुसरा लागतो.

दुसरा आक्षेप लेबलावरच अविश्वास दाखवणारा: मोठ्या कंपन्या परवाना क्रमांक छापून, पानाफुलांची चित्रे काढून थोडासा अर्क घातलेला माल विकतात, मग लेबलाला प्रमाण का मानायचे? कारण ती फसवणूक उघडी पडते तीही लेबलामुळेच. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. पाकिटाच्या पुढे हिरडा आणि मागे यादीच्या तळाशी हिरडा, हे वाचणाऱ्याला दिसते. चित्र काहीही म्हणो, बारीक अक्षर कंपनीला बांधून ठेवते. कोऱ्या पुडीत हे बांधणेही नाही. मोठ्यांच्या या खोटेपणाविरुद्ध डोंगरातल्या गटांच्या हातात एक चांगले हत्यार आहे आणि ते अजून म्यानातच आहे. कायदा घटकाचे गाव लिहायला सांगत नाही, पण खरे असेल तर लिहायला बंदीही करत नाही.

म्हणून जुन्नर आणि आंबेगावच्या प्रभागसंघांना, आदिवासी विकास महामंडळाला आणि जिल्हा परिषदेला सांगणे एवढेच, की पुढचा निधी नव्या डिझाइनच्या प्रशिक्षणावर खर्चू नका. घोडेगावला किंवा जुन्नरला एक सामाईक परवानाधारक जागा काढा, तिथे दळणयंत्र, वाळवणघर आणि चाचणीची सोय करा. मंजनाच्या डबीवर घटकांच्या यादीत हिरड्यापुढे तो कोणत्या गावचा आहे ते छापा. आणि डबीच्या मागे पत्ता असा द्या की पोस्टमन तिथवर पोचेल.